चीता गर्ल्स: चॅनलने जुळवलेला बँड, खरा की खोटा?

खडीसाखर
भाचीने परवा 'द चीता गर्ल्स' लावला, म्हणून शेजारी बसून पुन्हा पाहिला. २००३ चा डिस्ने चॅनलचा चित्रपट. न्यूयॉर्कच्या चार शाळकरी मैत्रिणींचा बँड असतो. जॅकल जॉन्सन नावाचा निर्माता त्यांना तोंडावर प्राण्यांचे मुखवटे चढवायला आणि दुसऱ्याच बँडच्या गाण्यांवर नुसते ओठ हलवायला सांगतो. मुली बाणेदारपणे नाही म्हणतात. टाळ्या! आणि पडद्याबाहेर? डिस्नेनेच त्यातल्या तिघींचा खराखुरा बँड उभा केला, आपल्याच कंपन्यांकडून अल्बम काढले, दौरे करवले. साच्याविरुद्धचं भाषणसुद्धा साच्यातूनच काढलेलं! पोरांशी इतकी लबाडी करू नये, एवढंच म्हणते.

पेणचा_पाहुणा
ताई, आमच्याकडे गणपतीही साच्यातूनच निघतात. म्हणून आरती खोटी होते का? त्या तिघींपैकी एड्रिएन बेलॉन आणि कीली विल्यम्स आधीपासून थ्रीएलडब्ल्यू या बँडमध्ये गात होत्या. रस्त्यावरून उचलून आणलेल्या बाहुल्या नव्हत्या त्या.

खडीसाखर
पेणचेच आहात, मग हेही ठाऊक असेल की साच्यातून काढल्यावर डोळ्यांची आखणी हाताने करतात. इथे ती कोणी केली? सिनेमातलं 'सिंड्रेला'च घ्या, कुणी वाचवायला येण्याची वाट बघत बसणार नाही म्हणणाऱ्या मुलीचं गाणं. ते २००० सालीच आय-फाइव्ह नावाच्या मुलींच्या बँडने म्हटलं होतं. म्हणजे दुसऱ्यांची गाणी नकोत म्हणणाऱ्यांच्या हातात दुसऱ्यांचंच गाणं!

पेणचा_पाहुणा
पुन्हा गाणं आणि ओठ हलवणं एक नव्हे हो. एक अभंग दहा जण गातात, त्यांना चोर म्हणता का?

एडिसनची_आई
मी न्यू जर्सीत राहते. तेव्हा लेक आठ वर्षांची होती, सावळी, दाट कुरळ्या केसांची. तिच्या वर्गातल्या मुलींना आवडणाऱ्या गायिका बहुतेक गोऱ्या आणि सोनेरी केसांच्या. अशात चौघींतली रेव्हन सिमोन मध्यभागी उभी राहून गाते, हे तिने टीव्हीवर पाहिलं आणि आठवडाभर केसांना तेल लावून चापून बसवायला नकार दिला. डिस्नेने पैशांसाठी केलं असेल, करू दे. सिनेमाच्या निर्मात्यांत गायिका व्हिटनी ह्यूस्टनही होती, हे जाता जाता.

खडीसाखर
लेकीचं पटलं. पण मग रेव्हन गेली कुठे? चौघींच्या घट्ट मैत्रीवर सिनेमा विकला आणि बाहेरच्या बँडमध्ये ती नाहीच. तिसऱ्या भागात तर तिच्या पात्राला केंब्रिजला शिकायला धाडून मोकळे झाले.

उदयपुरी_थाळी
तिसऱ्या भागाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. २००८ चा 'वन वर्ल्ड'. तिघी 'नमस्ते बॉम्बे' नावाच्या सिनेमात काम करायला भारतात येतात. इथे आल्यावर कळतं की एकीपुरतेच पैसे आहेत, मग आपसात चुरस. चित्रीकरण उदयपूरला. नावात बॉम्बे, पडद्यावर तलाव आणि महाल! गिरगावातल्या माणसाने हसावं की रडावं? बाकी बँड खरा की खोटा यात मला रस नाही, भारत मात्र शंभर टक्के साच्यातला होता. त्यानंतर बँडही आटोपला.

जुनी_पुस्तकं
मूळ पुस्तकांचं कुणीच कसं काढलं नाही? डेबोरा ग्रेगरीची ही मालिका १९९९ पासूनची. तिच्यात मुली पाच, सिनेमातल्या चौघींपैकी एक्वाची जुळी बहीण अँजिनेटही बँडमध्ये. सिनेमाने ती गाळली. आणि निव्वळ नफ्यातला जो वाटा करारात होता त्यातला पैसाही हाती आला नाही, असं लेखिकेने जाहीरपणे सांगितलं आहे. पहिल्या भागातल्या गाण्यांच्या अल्बमच्या तर अमेरिकेत वीस लाखांवर प्रती गेल्या. लबाडी शोधायचीच असेल तर गाण्यात नका शोधू, त्या कागदात शोधा.

पेणचा_पाहुणा
यावर वाद नाही. पण ही फसवणूक झाली लेखिकेची, पोरांची कुठे झाली?

खडीसाखर
जॅकलही त्या चौघींकडे करारच घेऊन आला होता ना? पडद्यावर त्याला खलनायक केला आणि पोरांनी चॅनललाच टाळ्या दिल्या. त्यात मीही होते.

एडिसनची_आई
टाळ्या मीही दिल्या, परत घेणार नाही. लेक आता मोठी झाली आहे, केस अजून मोकळेच सोडते.