मदत हवी आहे: ओबी-वॉनच्या लाइटसेबरची मूठ ओळखायची आहे

मंडळी, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायक ल्यूकच्या लाइटसेबरची (प्रकाशाचं पातं असलेल्या तलवारीची) मूठ ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची, खलनायक व्हेडरची एमपीपी या ब्रिटिश कॅमेरा कंपनीच्या फ्लॅशची, इथवर मला नीट कळलं आहे. ल्यूकचा गुरू ओबी-वॉन याच्या मुठीची मात्र कमाल आहे. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश रायफल ग्रेनेड, रोल्स-रॉइस डरवेंट जेट इंजिनाची नळी, ब्राउनिंग मशीनगनचा बूस्टर (नळीच्या तोंडाचा भाग) आणि टोकाला चक्क नळाची फिरकी! चाहत्यांनी नुसत्या फोटोंवरून एकेक तुकडा हुडकून काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझा प्रश्न व्हेडरबरोबरच्या द्वंद्वाचा. तिथे पात्याच्या जागी परावर्तक पट्टी लावलेली काठी मोटरने फिरवत होते, म्हणजे हातातली मूठ कमरेला लटकणाऱ्या मुठीपेक्षा वेगळी. मग कुठल्या शॉटमध्ये कुठली, हे कसं ओळखायचं? ग्रेनेडच्या खाचा बघायच्या, मानेची जाडी की टोकाची फिरकी?

मला लेथवर लाकडी प्रतिकृती करायची आहे आणि ती कमरेच्या मुठीचीच हवी, दोन्हींची सरमिसळ नको. कुणी ब्लू-रेवरून फ्रेम काढून तुलना केली असेल तर कृपया इथे टाका. जाडी-लांबीचं प्रमाण सांगितलंत तरी मोठी मदत होईल.