कर्ली खाडीत कयाक आणि पॅडलबोर्ड: वेळ कोणती निवडावी?

मुठाकाठची
नमस्कार. फेब्रुवारीत मी, माझे यजमान आणि आमची चौदा वर्षांची मुलगी असे तिघे चार दिवसांसाठी तारकर्ली-देवबागला जाणार आहोत. आमच्याकडे हवा भरायचा, उभ्याने वल्हवायचा साडेदहा फुटी पॅडलबोर्ड आहे आणि दोघांची एक कयाक तेथे भाड्याने घेण्याचा विचार आहे. तिघांनाही पोहता येते, परंतु आजवरचा सगळा अनुभव धरणाच्या संथ पाण्यातला आहे. समुद्रात उतरायचे नाही हे पक्के ठरले आहे. दोन-तीन दिवस सकाळच्या वेळी कर्लीच्या खाडीतच फिरायचे आहे. नकाशात देवबागची चिंचोळी पट्टी समुद्राला अडवून उभी असलेली दिसते, त्यामुळे आतले पाणी तळ्यासारखे असेल असे आम्ही गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे का? खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळच्या सुनामी बेटापर्यंत स्वतः वल्हवत जाता येईल का, आणि मुलीला बोर्डवर एकटीला सोडावे का?

खाडीकर
देवबागची पट्टी लाटा अडवते. भरती-ओहोटी अडवत नाही आणि वाराही अडवत नाही. त्यामुळे कोठे जायचे याहून केव्हा जायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

पाणी सहा तासांत चढते किंवा उतरते, पण सारख्या गतीने नव्हे. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी तीन, आणि मग पुन्हा दोन व एक असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते आणि खाडीचे तोंड अरुंद असल्यामुळे ते तेथे जोराने वाहते. मुंबईला उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते-उतरते; मालवणकडे हा फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण बोर्डवर उभ्या माणसाला तेवढा पुरेसा आहे. नवशिक्या माणूस बोर्ड ताशी तीन-चार किलोमीटरने वल्हवतो, आणि समोरून दोन किलोमीटरचा प्रवाह आला की निम्मे श्रम जागच्या जागी राहण्यातच जातात.

वाऱ्याचे गणित त्याहून सोपे आहे. पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारा असतो, मग थोडा वेळ सगळे स्तब्ध असते आणि अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन दुपारभर वाढत जातो. देवबागची पट्टी उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेली आहे आणि खाडीचे तोंड तिच्या दक्षिण टोकाला आहे, हे नकाशात पुन्हा एकदा पाहा. ओहोटी आणि दुपारचा वारा ही दोन्ही तुम्हाला एकाच दिशेने, म्हणजे संगमाकडे, ढकलतात. आणि बाहेर पडणारे पाणी व आत येणारी लाट जेथे भिडतात तेथे वाळूच्या उथळ पट्ट्यांवर लाटा फुटतात. म्हणून सुनामी बेट वल्हवत गाठण्याचा विचार सोडून द्यावा. तेथे स्थानिक होडीने जावे.

तुम्ही उलट दिशेने, नेरूरपारच्या पुलाकडे जावे. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत वर जायचे, पाणी थांबले की वळायचे आणि ओहोटीच्या सुरुवातीच्या हलक्या ओढीवर परतायचे. वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते. मालवणला ती सुमारे तासभर आधी येते. त्रयोदशीला तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा, त्यातून एक तास वजा केला की पावणेनऊ. सकाळच्या फेरीला याहून चांगला दिवस नाही. अर्थात निघण्यापूर्वी छापील तक्ता पाहावाच, आणि खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा येते हेही लक्षात ठेवावे.

उभा_वल्हेकरी
खाडीकरांच्या म्हणण्यातील वाऱ्याचा भाग मी स्वतः भोगला आहे. दोन वर्षांपूर्वी कोकणातल्याच दुसऱ्या एका खाडीत मी बोर्ड भाड्याने घेतला होता. देणाऱ्याने परतण्याची वेळ सांगितली नाही, पायाला बांधायचा पट्टाही दिला नाही, आणि मीही तो मागितला नाही. साडेबाराला वारा उठला. उभ्या माणसाचे अंग शिडासारखे वारा धरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि किनारा दूर जाताना पाहणे वेगळे. मी पडलो, बोर्ड वाऱ्याबरोबर निघून गेला आणि लाइफ जॅकेट होते म्हणून मी कांदळवनाच्या मुळांपर्यंत पोहोचलो. मुळांवर कालवे होती. दोन्ही तळवे फाटले.

तेव्हा मुलीला बोर्डवर एकटीने जरूर वल्हवू द्यावे, पण कयाक तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आणि नेहमी संगमाच्या बाजूला असावी. वारा वाढल्यास तिने लगेच गुडघ्यांवर बसावे. पट्टा हवाच, मात्र वाहत्या पाण्यात, जेथे जाळ्यांचे खुंट असतात तेथे, तो घोट्याला न बांधता कमरेला, एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याने बांधावा. घोट्याचा पट्टा खुंटात अडकला तर प्रवाहात वाकून तो सोडवणे जमत नाही. जाड तळाचे बूट घालावेत. फोन जलरोधक पिशवीत अंगावर असावा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक नोंदवलेला असावा.

मुठाकाठची
दोघांचेही मनापासून आभार. तळ्याची कल्पना आता पूर्णपणे मोडीत निघाली आहे. मात्र पंचांग पाहिल्यावर नवी अडचण उभी राहिली: आमचे दिवस वद्य सप्तमी ते दशमी असे येतात. पाऊणकीच्या हिशेबाने मालवणची भरती पहाटे सव्वाचार ते साडेसहाच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळभर ओहोटीच. राहण्याचे पैसे भरून झाले आहेत. बेत पुढे ढकलावा का?

देवबागचो
अजिबात ढकलू नका. खाडीकरांचा त्रयोदशीचा सल्ला वेळेच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु त्रयोदशी म्हणजे उधाण जवळ आलेले असते आणि पाणी ओढाळ होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरती थोडी, ओहोटीही थोडी. धरणावर शिकलेल्या माणसांना मी भांगाचेच दिवस सुचवीन. सात वाजता उजेडात निघा आणि अंगात जोर असताना ओहोटीच्या विरुद्ध वर जा. प्रवाह मध्यभागी अधिक असतो, म्हणून काठ धरून आणि वळणाच्या आतल्या बाजूने वल्हवा. पहिल्या पंधरा मिनिटांत काठावरचे झाड मागे सरकत नसेल तर त्या दिवशी तेथूनच परत फिरा. नऊला वळलात तर तेच पाणी तुम्हाला घरी आणून सोडेल. फक्त उतरायची जागा आधी ठरवून तेथे ओळखीची खूण ठेवा, नाही तर गप्पांच्या नादात ती मागे पडते आणि पुढे संगम आहे.

परतताना पाणी उतरलेले असेल, त्यामुळे बोर्डाची शेपटी वाळूला लागेल. अशा उथळ जागी उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, लपलेला असतो, त्याला चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो.

आणि एक विनंती. काठाजवळ बाया तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढत असतात, होड्यांची जाळी लावलेली असतात. जाळ्याच्या बोयांमधून मार्ग काढू नका, वळसा घाला आणि जाळे कोणत्या बाजूला पसरले आहे ते समजत नसेल तर हाक मारून विचारा. बहुतेक वेळा उत्तराबरोबर वाऱ्याचा अंदाजही मिळतो, आणि तो तुमच्या फोनवरच्या अंदाजापेक्षा जवळचा असतो.

मुठाकाठची
मग सात ते दहा, नेरूरपारच्या दिशेने, कयाक दक्षिणेला. बोर्डासाठी कमरेचा पट्टा आजच मागवते.

खाडीकर
भांगाचा मुद्दा मान्य. एकच भर घालतो: परतल्यावर बोर्ड उन्हात पूर्ण हवेनिशी ठेवू नका. हवा तापून फुगते आणि जोड उसवतात. सावली नसेल तर थोडी हवा सोडून ठेवा.