उलट्या अंगावर काढू नका
वजन कमी करायच्या ऑपरेशनआधीचं लिक्विड डाएट म्हणजे नुसती मनाची परीक्षा असं वर एका कमेंटमध्ये म्हटलंय ते नाही पटलं, त्याने लिव्हरमधली चरबी उतरून लिव्हर आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचायला जागा मिळते, म्हणून ते नीट पाळाच.

पण नंतरच्या उलट्यांबद्दल कुणीच लिहिलं नाहीये. माझ्या बहिणीला स्लीव्हनंतर (म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) पाचव्या आठवड्यात रोज उलट्या व्हायच्या, आम्हाला वाटलं, ऑपरेशननंतर असं होतंच, आणि मग पायाला मुंग्या, चालताना तोल जायला लागला. व्हिटॅमिन बी१ कमी झालं होतं! त्याचा शरीरातला साठा जेमतेम २-३ आठवडे पुरतो. इंजेक्शनांनी सावरली ती, पण पायातली बधिरता जायला कित्येक महिने लागले. पोटात काही टिकत नसेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी१ देणार ना हे स्वतःहून विचारा, कारण ग्लुकोजने ते अजून पटकन संपतं.