घरकुल गावात, पोरं कोपीत. मग शिकायचं कुठं?

बालाघाटी: दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. सरकार घरकुलाला अनुदान देतं, 25 चौरस मीटरचं पक्कं घर उभं राहतं, अन् ऊसतोडीचा हंगाम संपेस्तोवर त्याला कुलूप. तेवढे महिने पोरं कोपीत. बांबू, पाचट, वर ताडपत्री, आत शिरायचं ते वाकूनच. मी शिक्षक आहे. गेल्या साली एक मुलगी परत आली, तिच्या वहीची पानं ओलीनं चिकटली होती, शेवटचा धडा दिवाळीआधीचा. जिल्हा शिक्षणात मागं पडतो तो तिथं. कारखान्यांनी मजुरांच्या तळावर पक्क्या खोल्या, वीज, संडास द्यायलाच हवेत.

माजी_कोयता: गुरुजी, दोष छपराचा नाही. आईबाप पहाटेच फडात, धाकट्याला कोण बघणार? थोरली. तिला बंगला दिला तरी ती शाळेत जायची नाही. उलट खोल्या झाल्या की गावी आजीकडं राहणारी पोरंही सोबत नेतील. तो पैसा वसतिगृहांत घाला. ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीची संत भगवानबाबा योजना 2021 ची, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. ती आधी नीट चालवा.

फरशी: छपराचं सोडा, जमिनीचं बघा. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात 2000 पासून गरिबांच्या मातीच्या जमिनीवर सरकारनं सिमेंट ओतून दिलं. नंतर अभ्यासकांनी तपासलं, तर लहान पोरांचे जंत, जुलाब, अंगात रक्त कमी असणं, सगळं घटलं आणि बुद्धीच्या चाचण्यांत ती पुढं गेली. घरची कमाई होती तेवढीच.

माजी_कोयता: त्यांचं घर एका जागी होतं हो! ट्रॅक्टरची टोळी ऊस संपला की पुढच्या गावाला. फरशी काय ट्रॉलीत घालून न्यायची? बैलगाडीवाले कारखान्याच्या तळावर हंगामभर असतात, तिथं जमेल.

बालाघाटी: तिथून तरी सुरू करा ना. आणि वसतिगृहाचं म्हणता, तर पाचवीतली राहील. तिची तीन वर्षांची बहीण? ती आईबरोबरच जाणार, मातीतच रांगत मोठी होणार. पहिलीत आली की आम्ही म्हणणार, हिला अक्षर येत नाही.

माजी_कोयता: बरं, धाकटीसाठी फरशी घाला. पण तिला सांभाळायला तळावर पाळणाघरही काढा. नाहीतर त्या फरशीवर थोरलीच तिला घेऊन बसलेली दिसेल.