'एमिशन्स गॅप'ला तूट म्हणायचं का तफावत?

प्रश्न : कॉलेजच्या भित्तीपत्रकासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा रिपोर्ट थोडक्यात मराठीत लिहायलोय, एमिशन्स गॅपला, म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन किती होणार आणि किती व्हायला पाहिजे यातल्या अंतराला, 'उत्सर्जन तूट' चालंल का?

नांदेडकर : तूट नको दादा. पावसाची तूट, बजेटची तूट, म्हणजे काहीतरी कमी पडलं. इथं तर उलटं व्हायलंय. 'उत्सर्जन तूट' वाचून पोरं म्हणतील धूर कमी पडायला, वाढवा :)

परभणीकर : पेपरवाले 'दरी' लिहितात की.

लातूरकर : लिहितात, पण दरी म्हणलं की आकडा डोळ्यापुढं येत नाही आणि इथं सगळा खेळ आकड्याचाच हे. देशांनी दिलेली बिनशर्त वचनं (बाहेरची मदत मिळो न मिळो, पाळू अशी) पाळली तर २०३० ला उत्सर्जन कुठं जाईल आणि तापमानवाढ १.५ अंशाच्या आत ठेवायची तर त्याच साली ते कुठं पाहिजे, या दोन्हीतलं अंतर २२ गिगाटन, आणि २०२३ चं जगाचं एकूण उत्सर्जनच ५७.१ गिगाटन होतं, आता बोला. घरी सोयाबीनचा कट्टा मोजून नेला आणि मोंढ्यातल्या काट्यावर वजन वेगळं आलं तर आपण काय म्हणतो? तफावत. तेच लिहा. फक्त तफावत 'भरून काढू' नका, ती कमी करतात नाहीतर मिटवतात, भरून काढतात ती तूट.

परभणीकर : आणि अनुशेष? मराठवाड्यात हा शब्द कुणाला समजवून सांगायची गरज नाही, विभागांमधला असमतोल मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून ऐकायलोत, सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष.

लातूरकर : शब्द भारी हे पण जागा दुसरी. अनुशेष म्हणजे व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही आणि साचत गेलं. रिपोर्टात इम्प्लिमेंटेशन गॅप म्हणून वेगळा हे, कबूल केलं पण धोरणात उतरलं नाही असा, तिथं बसवा. रिपोर्टाप्रमाणं २०२४ च्या वेळच्या धोरणांवर राहिलं तर शतकाअखेर तापमानवाढ ३.१ अंशांवर जाती, बिनशर्त वचनं पुरती पाळली तर २.८. मधला तो ०.३ चा फरक अनुशेषाच्या खात्यात. पण २.८ सुद्धा पॅरिस करारात ठरलेल्या २ अंशांच्या लई वर हे, म्हणजे अनुशेष सगळा भरला तरी तफावत राहतीच. दोन्ही शब्द ठेवा, एकात कोंबू नका.

प्रश्नकर्ता : ठरलं मग, हेडिंगला 'उत्सर्जनातली तफावत' आणि आत 'वचनांचा अनुशेष'. गिगाटनला अब्ज टन लिहू का?

नांदेडकर : कोटीत लिहा, २,२०० कोटी टन. अब्ज म्हणलं की निम्मी पोरं शून्यच मोजत बसतील.