मदत हवी आहे : कोइबा बेटावरील तुरुंग आणि जंगल

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी पनामाच्या प्रशांत किनाऱ्याजवळील कोइबा बेटावर लेख लिहीत आहे. हजारो वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढून हे बेट मुख्य भूमीपासून तुटले, आणि त्यामुळे कोइबा अगुती हा शेपूट जवळजवळ नसलेला कुरतडणारा प्राणी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. पनामाच्या मुख्य भूमीवरून बहुतांशी नाहीसा झालेला लाल मकाव पोपटही येथे टिकून आहे.

१९१९ साली येथे कैद्यांची वसाहत उभारली गेली, ती २००४ पर्यंत चालली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. कैद्यांच्या धास्तीने कोणी फिरकले नाही म्हणून जंगल वाचले, असे सर्रास लिहिले जाते. मला हे अर्धेच खरे वाटते, कारण वसाहतीच्या शेतीसाठी व कुरणांसाठी काही जंगल तोडले गेलेच, शिवाय मागे राहिलेली गुरे रानटी होऊन मातीची धूप वाढवीत राहिली.

त्या कुरणांवर जंगल आपोआप परतते की लागवड करावी लागते, याविषयीचा अभ्यास कोणी सुचवू शकेल का? कैद्यांच्या आठवणी इंग्रजीत उपलब्ध असल्यास तेही कृपया कळवावे. स्पॅनिश मला जेमतेमच वाचता येते.