बारा बोअरच्या जुन्या पितळी पुंगळ्या साफ करून परत भरायच्यात, मदत हवी आहे

कयाधूकाठ
आजोबांच्या वेळच्या बारा बोअरच्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची कवचं, सापडल्यात, एक लाकडी पेटी भरून. हिरव्या पडल्यात पण पितळ जाड आहे. घरी दुनळी बंदूक आहे, पीक संरक्षणाचा परवाना आहे. नवी काडतुसं महाग झालीत आणि पाहिजे तेव्हा मिळत नाहीत. इकडं भुईमुगात रोज रात्री डुकरं यायलीत, सरीच्या सरी उकरून टाकायलीत. आजोबा स्वतः काडतुसं भरायचे असं अण्णा सांगतात, म्हणजे घरी जमण्यासारखं आहे. मला तीन गोष्टी सांगा. हिरवेपणा कशानं काढायचा? बुडातली टोपी, म्हणजे घोडा आपटला की बार पेटवणारी, ती बदलायचं औजार कुठं मिळतं? आणि काही पुंगळ्यांना तोंडाशी बारीक उभ्या रेघा आहेत, त्या तापवून बसतील का? कायद्याचं लेक्चर नको, परवाना आहे म्हणून आधीच सांगितलंय.

मांजराकाठ
हिरवेपणाचं काही अवघड नाही. चिंच रात्रभर भिजू घाला, त्यात मूठभर मीठ, सकाळी काथ्यानं घासा. आमच्याकडं देवाची सगळी भांडी अशीच निघतात. आतून घासायला बाटली धुवायचा ब्रश. मी तर म्हणूलालो पीतांबरीचीबी गरज नाही.

माजी सैनिक उदगीर
चिंचेवर जाऊ नका, आधी माहिती द्या. पुंगळी पूर्ण पितळी आहे का नुसतं बूड पितळी आणि वर कागद? बंदूक कोणत्या सालची? नळीवर कोणते शिक्के आहेत? नळीचा पोलाद एकसारखा काळा आहे का त्यावर वेलबुट्टीसारखी नागमोडी रेषा दिसते? तशी रेषा असेल तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी दमास्कस नळी आहे. ती बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी केलेली असते, आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिच्यासाठी नाही. आणि पुंगळ्या इतकी वर्षं ठेवल्या कुठं होत्या?

कयाधूकाठ
पूर्ण पितळी. बंदुकीचं साल माहीत नाही, परवान्याचा पहिला कागद निजामाच्या काळातला आहे, उर्दूत. पेटी गोठ्यातल्या कोनाड्यात होती. याचा आणि साफ करण्याचा काय संबंध?

धातूशास्त्र संभाजीनगर
संबंध सरळ आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या गोठ्यातच आहे.

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पुंगळी साच्यातून थंड ओढून काढतात, त्यामुळं धातूत आतल्या आत ताण राहतो. असं ताणलेलं पितळ अमोनियाच्या वाफेत आणि ओलाव्यात राहिलं तर कणांच्या सीमेवरून तडकत जातं. इंग्रजांच्या फौजेला हा अनुभव याच देशात आला. पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे, आणि पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की काडतुसं तडकलेली. घोड्याच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. तुमच्याकडं घोड्यांच्या जागी बैल-म्हशी आहेत, एवढाच फरक.

तुम्हाला दिसते ती रेघ म्हणजे तडा आहे. तापवून ताण निघतो, तडा सांधत नाही. आणि जी रेघ डोळ्याला दिसत नाही ती बुडाजवळ असली तर बार उडताना गरम वायू मागं, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. एका पेटीतल्या काही पुंगळ्या तडकल्या असतील तर बाकीच्यांनीही तीच हवा खाल्लीय. माझ्या मते सगळी पेटी बाद.

मांजराकाठ, चिंच समईला चांगली. पण आंबट पाण्यात पितळ फार वेळ ठेवलं की जस्त सुटतं आणि धातू गुलाबी दिसायला लागतो. समईचं त्यानं काही बिघडत नाही, पण पुंगळीला दाब सोसायचा असतो. अमोनिया असलेलं पॉलिश तर हिला लावूच नये.

मांजराकाठ
आमच्या आजीपासून चिंचेनंच घासूलालाव, एकबी भांडं गुलाबी झालं नाही.

धातूशास्त्र संभाजीनगर
घासून लगेच धुता म्हणून. रात्रभर बुडवून ठेवायचं मी म्हणतोय.

परभणीकर सध्या टेक्सास
इथं बरेच लोक घरी रीलोडिंग करतात, म्हणजे उडालेली काडतुसं परत भरतात, मी स्वतः क्लबमध्ये शिकलो. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाची होते, मग साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुनी टोपी ठोकून काढायची, टोपीची खोबण साफ करायची, लांबी वाढली असेल तर तोंड कापून मापात घ्यायचं. साफ करायला फिरतं पिंप मिळतं, त्यात अक्रोडाच्या टरफलाचा नाहीतर मक्याच्या बुरकुंडाचा चुरा घालतात. वारंवार दाबून मान कडक होते म्हणून फक्त मान तापवून नरम करतात, बूड कडकच राहिलं पाहिजे. तुमची टोपी बॉक्सर जातीची आहे का बर्डन? बर्डन असेल तर आत दोन बारीक भोकं असतात आणि साध्या सुईनं ती टोपी निघत नाही. रायफल कोणती आहे?

माजी सैनिक उदगीर
रायफल नाही, बारा बोअर आहे, वरच लिहिलंय. मान रायफलच्या पुंगळीला असते, ही सरळ नळकांडी. टेक्सासचं टेक्सासला ठीक आहे. इथं कयाधूकाठ यांना ते करायचा अधिकार आहे का, हा पहिला प्रश्न.

परभणीकर सध्या टेक्सास
मी तंत्र सांगितलं. परवाना आहे म्हणतायत ना ते.

वकिली परभणी
लेक्चर नको म्हटलंय, तरी लिहितो, कारण न लिहिल्यानं तुमचं घर अडचणीत येईल. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करायचा परवाना वेगळा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये तयार करणं, विकणं, दुरुस्त करणं यांना स्वतंत्र परवाना लागतो, आणि पुंगळीत टोपी, दारू, छर्रे भरणं हे तयार करणंच झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना तयार करण्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, म्हणून औजार कुरिअरनं मागवायचा विचारसुद्धा करू नका. दारूसाठी स्फोटकांचा कायदा आणखी वेगळा.

आता मला सांगा, परवाना नक्की कुणाच्या नावावर आहे?

कयाधूकाठ
अण्णांच्या. त्यांना आता रात्री दिसत नाही म्हणून जागलीला मीच जातो. घरातलीच बंदूक आहे.

वकिली परभणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं. परवाना माणसाला मिळतो, घराला मिळत नाही. अण्णांची बंदूक दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा त्यांनीच वापरायची म्हणून नेणं, तेही त्यांच्यासमोर किंवा त्यांच्या लेखी संमतीनं, एवढंच तुम्हाला चालतं. रात्री शेतात एकट्यानं घेऊन बसणं चालत नाही. तुमच्या नावानं वेगळा अर्ज करा.

आणि रानडुक्कर, रोही (नीलगाय) हे दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या. पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती वनखात्याकडून आधी घ्यायची. परवाना अधिक वनखात्याचा कागद, दोन्ही हातात असले तरच बार काढायचा. नुकसानीचा पंचनामा मात्र लगेच करून घ्या. सरी नीट केल्या की पुरावा गेला.

बालाघाट डोंगर
बंदुकीचा परवाना असून उपयोग काय? निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा. आमच्या काकांची गेल्या खेपेला जमा केली, परत घ्यायला किती चकरा. ओल्या पोत्यात ठेवलेली, नळी गंजून आली.

माजी सैनिक उदगीर
जमा करताना नळीला तेल द्या, पावतीवर स्थिती लिहून घ्या. पण तो धागा वेगळा काढा. कयाधूकाठ, नवी काडतुसं वापरतानाही चेंबरची लांबी बघा. बऱ्याच जुन्या दुनळ्यांचं चेंबर अडीच इंच, ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंच म्हणजे ७० मिलिमीटरची असतात. ती जुन्या चेंबरमध्ये बसतात, म्हणून माणूस फसतो, पण उडताना तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय अण्णांनीही बार काढू नये. खडकीच्या कारखान्याचं बारा बोअर काडतूस परवान्यावर विक्रेत्याकडं मिळतं, पुंगळ्यांच्या नादी लागायची गरजच नाही.

पैनगंगा पलीकडे
बंदूक कशाला, कार्बाइडची पाईप गन करा. दीड-दोनशे रुपयांत होते, आवाज तोफेसारखा.

धातूशास्त्र संभाजीनगर
कृपा करून हे सुचवू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या कार्बाइड गननं कितीतरी लेकरांचे डोळे गेले. उडाली नाही म्हणून माणूस नळीत वाकून बघतो आणि तेव्हाच ती पेटते.

हळद वसमत
आम्ही दोन वर्षांपासून झटका मशीन लावलंय, सोलारवरचं. डुकरू नाकानं तार हुंगतं, झटका बसला की त्या बाजूला फिरकत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर, तिच्यावर दुसरी. गवत तारेला टेकलं की झटका उतरतो, म्हणून बांध साफ ठेवावा लागतो, तेच खरं काम. डीपीवरून थेट करंट मात्र कुणी सोडू नका. आमच्या शिवारात तसल्या तारेनं माणूस गेला आहे.

कयाधूकाठ
बरं. सगळ्यांचं वाचलं. भरायचा विषय सोडतो. पण मग पेटीचं काय करू? भंगारवाला पितळेला चांगला भाव देतो म्हणतोय. मोकळ्या आहेत त्या देतो, बाकीच्या चार-पाच जड लागतात, त्यांची तोंडं मेणानं बंद आहेत, त्या फोडून दारू ओतून देऊ का?

माजी सैनिक उदगीर
थांबा. फोडू नका. जड आहेत आणि तोंड बंद आहे म्हणजे त्या भरलेल्या आहेत. टोपीवर बंदुकीचा घोडा आपटल्याची खूण नसेल तर ती टोपी अजून जिवंत असू शकते, कितीही जुनी असो. तापवू नका, चिंचेच्या पाण्यात टाकू नका, खिळा मारू नका. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये पुंगळ्या तापवायचं विचारत होता, त्यात एखादी अशी गेली असती तर काय झालं असतं? चुलीपासून, लेकरांपासून लांब, कोरड्या जागी पेटी ठेवा आणि परत उघडू नका.

वकिली परभणी
भंगारात एकही पुंगळी द्यायची नाही, मोकळीसुद्धा. उद्या ती भंगारवाल्याकडं सापडली की नाव तुमचंच निघेल. पेटी घेऊन गाडीवर निघूही नका. अण्णांच्या सहीनं लेखी अर्ज करा: वडिलोपार्जित पेटी सापडली, त्यात मोकळ्या आणि काही भरलेल्या पुंगळ्या आहेत, येऊन ताब्यात घ्याव्यात. परवान्याची नोंद ज्या ठाण्यात आहे तिथं द्या, सोबत परवान्याची झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. स्वतःहून कळवलेल्या माणसाकडं बघायची नजर वेगळी असते.

मांजराकाठ
मी भरलेल्या असतील असं धरलंच नव्हतं. माझी चिंच रद्द समजा.

कयाधूकाठ
उद्या सकाळी अण्णाला घेऊन ठाण्यात जातो. वनखात्याचा अर्ज पण त्याच दिवशी टाकतो, पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन केलाय. हळद वसमत, झटका मशीनला बॅटरी केवढी लागते? शेत चार एकर आहे. रात्री लवकर लावायचंय.

हळद वसमत
चार एकर एका तुकड्यात आहे का दोन ठिकाणी? मधून ओढा जातो का? ओढ्याच्या बाजूला खालून शिरायला वाट राहते, तिथं तिसरी तार घ्यावी लागते. आणि पोल लाकडी घेणार का फायबरचे, ते सांगा, मग तारेचा हिशेब देतो.